काच जुलैत धुरकटते, हीटर डिसेंबरात आठवतो

आमच्या उद्यमनगरात हीटरच्या तक्रारी घेऊन लोक थंडीत येतात. कोल्हापूरच्या थंडीत एक स्वेटर पुरतो. हीटर आणि डिफ्रॉस्ट खरे लागतात ते पावसाळ्यात, घाटात. म्हणून या वेळी त्याच प्रश्नांची उत्तरं देतो.

प्रश्न : मिस्त्री, गगनबावडा ओलांडून करूळ घाट उतरताना पुढची काच पार धुरकट होते. एसी लावला तर कधी कमी होते, कधी वाढते. असं का?

कारण वाफ दोन प्रकारची असते. आधी वायपर एकदा फिरवा. काच साफ झाली तर वाफ बाहेरून धरली आहे, म्हणजे एसीच्या गार वाऱ्याने काच थंड पडली आहे. अशा वेळी काचेवरचा वारा बंद करा किंवा तापमान वाढवा. वायपर फिरवूनही फरक पडला नाही, तर वाफ आतली आहे. गाडीत पाच माणसं, पायाशी भिजलेले रेनकोट, वर काचा बंद. तो सगळा दमटपणा जाणार कुठे?

आतल्या वाफेवर उपाय असा : वारा डिफ्रॉस्टवर, म्हणजे पुढच्या काचेवर घ्या, एसी चालू करा आणि तापमानाचं बटण गरम बाजूला फिरवा. एसी आणि हीटर एकदम लावायचे म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण एसीची कॉइल हवेतलं पाणी काढून घेते (गाडीखाली टपकतं ते हेच पाणी) आणि मग हीटर ती कोरडी हवा गरम करून काचेवर सोडतो. मुख्य म्हणजे, आतलीच हवा फिरवायचं बटण बंद ठेवा. बाहेर पाऊस आहे म्हणून ते दाबून ठेवणारे दहातले आठजण तरी भेटतात. आणि डाव्या हातात फडका घेऊन वळणावर काच पुसणं बंद करा. तेलकट फडक्याने काच आणखी धुरकटते, आणि समोरून येणारी एसटी दिसत नाही.

प्रश्न : हीटर लावला तरी हवा कोमटच येते. गाडी अर्धा तास चालली तरी टेम्परेचरचा काटा खालीच असतो.

काट्यानेच उत्तर दिलंय. हीटरला वेगळी शेगडी नसते, इंजिनात तापलेलं कूलंटच (इंजिन गार ठेवणारं द्रव) डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला तर इंजिन नीट तापत नाही आणि हीटरही कोमट राहतो. मागे कधी गाडी तापली म्हणून कुणी थर्मोस्टॅट काढून तर टाकला नाही ना, हे आधी विचारा. हा उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो, मला त्याचा राग येतो. गाडी तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं, वर डिझेल-पेट्रोल जास्त जातं.

काटा मध्यावर असूनही हवा गार येत असेल, तर आधी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, अंगावर उकळतं पाणी येतं. पातळी ठीक असेल तर गाडी तापवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हीटरकडे जाणारे दोन पाइप जपून चाचपा. एक गरम, दुसरा गार असेल तर हीटरची कॉइल, म्हणजे आतला तो छोटा रेडिएटर, चोक आहे किंवा व्हॉल्व्ह बंद आहे. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं की आत गंज साचतो. दोन्ही पाइप गरम असतील तर डॅशबोर्डमधली गरम-गार हवा वळवणारी झडप फिरत नाही. बटण फिरवताना आतून टकटक आवाज येतो का, ते ऐका. येत असेल तर झडपेची मोटर गेली असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : ब्लोअर फक्त चारवर चालतो. एक, दोन, तीनला काहीच नाही.

बहुतेक रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग, गेलाय. मोटर बदलायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, चारवर ती चालतेय ना? आणि सगळ्याच नंबरवर वारा कमी येत असेल तर केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. परवा एका गाडीतला काढला, तर त्यात पिंपळाची पानं आणि उंदराने आणलेल्या शेंगांची फोलपटं होती.

प्रश्न : सेकंडहँड गाडी घेतली. पाऊस नसला तरी सकाळी काच आतून ओली असते.

शेजारच्या सीटपुढचा गालिचा हाताने दाबून बघा. स्वच्छ पाणी आलं तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय किंवा वायपरखालच्या जाळीत पानं अडकून पावसाचं पाणी आत येतंय. दोन्ही कामं स्वस्तातली. पाणी चिकट, रंगीत असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर पुसून न जाणारा तेलकट थर बसत असेल, तर हीटरची कॉइल गळतेय. तिथे मात्र बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून खर्च आधी विचारून घ्या.

आणखी एक. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. तळाच्या भागात गाळाची रेघ दिसली, तर २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी गाडीने बघितलंय, असं समजा. मग हीटर राहू दे, आधी वायरिंग तपासून घ्या.