शिफ्टमध्ये नेमकं काय सरकतं?

प्रश्न दुहेरी आहे. कीबोर्डला आपण 'कळफलक' म्हणतो, मग 'की' म्हणजे किल्ली का नाही, कळ का? आणि शिफ्ट, रिटर्न, बॅकस्पेस यांना मराठीत काय म्हणावं?

आधी कळ. किल्ली कुलपातून काढून खिशात ठेवता येते; कळ यंत्राचाच भाग असते. ती बाहेरून दाबली की आत, आपल्याला न दिसणारं काहीतरी हलतं. 'कळ फिरवणे', 'कळसूत्री बाहुली' यांत हाच अर्थ आहे. (पोटात येते ती कळ वेगळी.) 'कळीचा मुद्दा' म्हटल्यावर अनेकांना फुलाची कळी आठवते, पण ती हीच कळ: जी दाबली की बाकीचं सगळं हलतं. म्हणून मला हा शब्द 'की'पेक्षाही नेमका वाटतो. शिवाय 'की दाबली की अक्षर उमटतं' हे वाक्य वाचून पाहा, डोळा अडखळतोच. बोलताना बहुतेक जण 'बटण' म्हणतात, तेही योग्यच आहे.

आता शिफ्ट. ही नावं टाइपरायटरची आहेत आणि तिथे ती अगदी शब्दशः खरी होती. 1874 साली बाजारात आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यंत्रावर फक्त कॅपिटल अक्षरं उमटत. 1878 च्या रेमिंग्टन क्रमांक 2 मध्ये एकाच दांडीवर दोन अक्षरं बसवली. शिफ्ट दाबलं की कागद धरणारा रूळ खरोखर सरकायचा आणि दुसरं अक्षर कागदावर पडायचं. रिटर्न म्हणजे ओळ संपल्यावर कॅरेज, म्हणजे तो रूळ वाहून नेणारा सरकता भाग, पुन्हा सुरुवातीला आणणं. बॅकस्पेस कॅरेजला एक घर मागे नेई, खोडत काहीच नसे. टॅब हे टॅब्युलेटरचं लघुरूप. तक्त्यातले रकाने एका रेषेत यावेत म्हणून ती सोय होती. आज रूळही नाही आणि कॅरेजही नाही, पण आस्की संकेतांत (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) 'कॅरेज रिटर्न'ला 13 आणि 'लाइन फीड'ला (कागद एक ओळ पुढे सरकवणं) 10 हे क्रमांक अजून आहेत.

म्हणून मराठी नाव देताना इंग्रजी शब्दाकडे नव्हे, आजच्या कामाकडे पाहावं. बॅकस्पेसला 'मागे जा' म्हटलं तर बाणाच्या कळीशी गोंधळ होईल. बॅकस्पेस कर्सरच्या मागचं खोडते आणि डिलीट पुढचं, तेव्हा 'मागचं खोडा' आणि 'पुढचं खोडा' हे सरळ पर्याय आहेत.

शिफ्ट मात्र मी तसंच ठेवेन. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, तरी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलक-मांडणीने या कळीला फार सुंदर काम दिलं आहे. नुसती कळ दाबली तर क, शिफ्ट धरून दाबली तर ख. तसंच ग-घ, त-थ, प-फ. अल्पप्राणाचा महाप्राण होतो! स्वरांत काना हवा असेल तर नुसती कळ, स्वतंत्र आ हवा असेल तर शिफ्टसह. आणि आपण 'शिफ्ट धरून क दाब' असंच सांगतो. एक कळ धरायची, दुसरी दाबायची: हा फरक मराठी क्रियापदांनी आपसूक टिपला आहे.