फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या चित्रांतला बर्फ पांढरा न दिसता निळसर का दिसतो?
कारण तो तसाच दिसतो! बर्फावरच्या सावलीत थेट ऊन पोचत नाही, पोचतो तो निळ्या आकाशाचा उजेड. मोनेने तो टिपला, तेव्हाचे बरेच जण सावलीला काळा-तपकिरी रंग फासत बसले. त्याचं 'मॅग्पाय' (१८६८-६९) झूम करून बघा: फाटकावर एकटा मॅग्पाय पक्षी आणि कुंपणाची सावली चक्क निळी-जांभळी. पॅरिसच्या सलोंने, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, १८६९ मध्ये हे चित्र नाकारलं. आता पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात ते बघायला झुंबड उडते.

बर्फाचा हा नाद तीसेक वर्षं टिकला. पन्नाशी उलटल्यावर, १८९५ मध्ये, गडी नॉर्वेला गेला आणि एकट्या कोल्सोस डोंगराची १३ चित्रं काढली. मला मात्र त्याच्या पॅरिसजवळच्या आर्जांतई गावातल्या बर्फाळ गल्ल्याच जास्त आवडतात. तिथला बर्फ तुडवलेला, मळकट, वापरातला वाटतो.