रोजच्या बोलण्यात इंग्रजी व्याकरणाची सक्ती करावी का?

माझं स्पष्ट उत्तर: नाही. ज्या नियमांवरून लोकांना टोकलं जातं, त्यातले काही तर मुळात नियमच नाहीत. 'हू आर यू टॉकिंग टू?' हेच घ्या. वाक्याच्या शेवटी 'टू', 'विथ' येणं चूक, अशी टीका कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनावर केली होती. सामान्य इंग्रज माणूस त्याआधीही असाच बोलायचा, आजही बोलतो. रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणातसुद्धा रोजच्या संभाषणात हीच रचना रूढ असल्याचं मान्य केलंय. भारदस्त लेखनात मात्र 'टू हूम आर यू टॉकिंग?' अशी, 'टू' आधी आणणारी रचना अधिक शोभते, इतकंच.

आणि नियम काळानुसार बदलतातही. 'यू'सुद्धा मूळचं अनेकवचन. एका माणसाला 'दाऊ' म्हणत. पुढे आदरार्थी 'यू' आलं, अगदी आपल्या 'तुम्ही'सारखं, आणि त्याने 'दाऊ'ला जवळपास हद्दपारच केलं.

नोकरीचा अर्ज, करारनामा, परीक्षा इथे नियम पाळायलाच हवेत. पण कुणी पहिल्यांदाच धीर करून 'आय हॅव'ऐवजी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणत असेल, तर मध्येच तोडू नका. त्याच्या भावांबद्दल विचारा. चूक सांगायचीच असेल तर नंतर, एकट्यात, आणि त्याने विचारलं तरच.