आयसीयूची ड्यूटी सांभाळून आयडीसीसीएमचा अभ्यास कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की भूलशास्त्रात एमडी करून आयडीसीसीएमला, म्हणजे अतिदक्षता विभागातल्या उपचारांच्या पदविकेला, लागलात, आठवड्यात दोन-तीन नाइट असतात, पुस्तक उघडलं की डोळे मिटतात आणि परीक्षा तोंडावर आली आहे. मी ही परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्यांदा लेखी निघाली, तोंडी परीक्षेत अडकले. का अडकले ते आधी सांगते, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे.

समोर एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा, कागद ठेवला होता. मधुमेही तरुण, कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचलेलं. पीएच ७.०९, बायकार्ब, म्हणजे आम्ल शमवणारं बायकार्बोनेट, १० आणि कार्बन डायऑक्साइड ३४. मी म्हटलं, मेटाबॉलिक अॅसिडोसिस आहे, कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नॉर्मल. परीक्षक नुसते बघत राहिले. बायकार्बची दीडपट अधिक आठ, हे सूत्र मला तोंडपाठ होतं! त्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइड २३ च्या आसपास हवा, दोन इकडे-तिकडे. ३४ म्हणजे तो पोरगा श्वास घेऊन घेऊन थकत चालला आहे, त्याच्यापाशी उभं राहायला हवं. सूत्र डोक्यात होतं, पण पेशंटला लावायची सवय नव्हती.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी अभ्यासाची जागाच बदलली. प्रत्येक नाइटला एकच पेशंट निवडायचा, रात्रीची औषधं देऊन झाली की बेडच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि सोबतच्या डॉक्टरला तो पेशंट दोन मिनिटांत तोंडी सांगायचा. मोठ्याने, पूर्ण वाक्यांत. मनातल्या मनात सगळ्यांनाच सगळं येत असतं; बोलायला लागलं की भोकं दिसतात.

उदाहरण देते. एआरडीएसची, म्हणजे फुप्फुसं सुजून निकामी होत चाललेली, व्हेंटिलेटरवरची बाई, वजन ८० किलो. टेप घेऊन उंची मोजली, १६० सेंटिमीटर. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात द्यायची हवा, उंचीवरून काढायचा, म्हणजे धरायचं वजन साधारण ५२ किलो आणि किलोला ६ मिली या हिशेबाने ३१५ च्या आसपास. खऱ्या वजनावर लावला असता तर ४८०. आता '६ च का?' असं कुणी विचारलं, तर २००० सालचा एआरडीएसनेट या संशोधन गटाचा अभ्यास त्या बाईशी जोडूनच आठवतो: १२ मिलीच्या गटात जवळजवळ ४० टक्के मृत्यू, ६ च्या गटात ३१. असे आकडे विसरत नाहीत. पीक प्रेशर (हवा आत जातानाचा सर्वाधिक दाब) ४५ आणि प्लॅटो (हवा थांबवल्यावर फुप्फुसातला दाब) २० दिसला की ट्यूब दुमडली आहे का, कफ अडकलाय का, छाती वाजतेय का, हे तिथेच बघून सांगा. दोन्ही चढलेले असतील तर न्यूमोथोरॅक्सपासून (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचणं) पुढची यादी.

परदेशी पुस्तकांवर भर असेल तर आपल्याकडचे विषय मागे राहतात. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांची विषबाधा, लेप्टो आणि स्क्रब टायफस हे ताप नीट करा आणि मण्यार सापाचा दंश तर कराच. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटायला लागतात, दंशाची खूण सापडत नाही, दुपारी व्हेंटिलेटरवर. हातपाय हलत नाहीत, बाहुल्या मोठ्या आणि स्थिर. ब्रेन डेथचा, म्हणजे मेंदू मृत झाल्याचं ठरवण्याचा, प्रश्न इथेच फिरवून विचारतात. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, हे सांगाल. पण त्याआधी विष, गुंगीची औषधं, थंड पडलेलं शरीर यातलं काही नाही ना, याची खात्री करायची असते. मण्यार चावलेला तो माणूस काही दिवसांनी चालत घरी जाऊ शकतो.

लेखीसाठी जुने पेपर घड्याळ लावून हाताने लिहा, तेवढं पुरतं. आणि नाइटनंतरच्या सकाळी पुस्तकाला हात लावू नका. झोपा. मी तेव्हा रेटून वाचलेली पानं संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागत.