मनोविकार : ‘असे का झाले?’ आणि ‘आता काय करायचे?’

मनोविकारांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटू नये यासाठी तपशील वगळले आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो म्हणजे हे आमच्याच वाट्याला का आले. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र आजार कशामुळे सुरू झाला आणि तो कशामुळे टिकून आहे या पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि उपचारांचा भर बहुतेक वेळा दुसरीवर असतो, हे ध्यानात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया झाल्याचे निदान झाले आहे. त्याला आवाज ऐकू येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे त्याला वाटते. नातेवाईक म्हणतात की मी त्याला लहानपणी फार धाकात ठेवले. सासरची माणसे म्हणतात की हे माझ्या माहेरकडून आले. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : धाकामुळे किंवा लाडामुळे हा आजार होत नाही, आणि हे मी केवळ तुम्हाला धीर यावा म्हणून सांगत नाही. एके काळी खुद्द तज्ज्ञांनीच आईला दोषी ठरवले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही नामवंत मनोविश्लेषक असे मानत की आईच्या थंड, हुकमी वागण्यातून मुलात स्किझोफ्रेनिया निर्माण होतो. पुराव्याचा आधार नसलेल्या या कल्पनेने एका पिढीतील मातांना विनाकारण अपराधी ठरवले. १९६६ मध्ये लेनर्ड हेस्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हा आजार असलेल्या मातांपासून जन्मानंतर काही दिवसांतच दूर होऊन इतरत्र वाढलेल्या ४७ मुलांची माहिती होती. त्यांपैकी पाच जणांना पुढे हा आजार झाला. तशाच प्रकारे दूर वाढलेल्या, परंतु निरोगी मातांच्या ५० मुलांपैकी एकालाही झाला नाही. आईच्या सहवासात न वाढताही आजार उद्भवत असेल, तर तो तिच्या संगोपनातून आला असे म्हणता येत नाही.

मग तो माहेरकडून आला का? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तो एखाद्या घराण्यावर बोट ठेवण्याइतका सरळ नाही. सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यभरात सुमारे १०० पैकी एकाला किंवा त्याहून काहीशा कमी लोकांना हा आजार होतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तरीही दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण निम्मी किंवा त्याहून कमीच राहते, म्हणजे जनुके जवळजवळ सारखी असूनही बाकीचे काही घडावे लागते. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम, गर्भावस्थेतील व प्रसूतीच्या वेळच्या अडचणी, पौगंडावस्थेतील गांजाचे सेवन, दीर्घकाळचा ताण अशा कितीतरी गोष्टी एकत्र येतात. शिवाय हा आजार बहुधा १६ ते ३० या वयात प्रकट होतो, आणि परीक्षा, नोकरी, घरापासून दूर जाणे, प्रेमभंग हेही त्याच वयात घडत असते. त्यामुळे जे अगोदर घडले तेच कारण, असा समज होणे फार सोपे असते.

कुटुंबाने आजार होत नसला, तरी कुटुंबाच्या वागण्याचा त्याच्या पुढच्या वाटचालीवर परिणाम होतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लंडनमध्ये एक विचित्र गोष्ट आढळली : रुग्णालयातून सुटून आई-वडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार, भाड्याच्या खोलीत एकटे किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा, अधिक वेळा उलटत होता. पुढच्या अभ्यासांतून कळले की सतत टीका, तिरस्कार आणि रुग्णाच्या प्रत्येक गोष्टीत अतिरेकी गुंतून राहणे जेथे असते तेथे हा धोका वाढतो. टीका बहुतेक वेळा गैरसमजातून होते. दुपारपर्यंत अंथरुणात राहणे, आंघोळ टाळणे, कोणाशी न बोलणे, कशातच रस न वाटणे हा घरच्यांना आळस वाटतो, पण तो आजाराचाच भाग असतो. औषधांनी भास व संशय बऱ्यापैकी आटोक्यात येतात. ही निरुत्साहाची लक्षणे मात्र त्यांना तितकीशी दाद देत नाहीत. म्हणून मुलाला एका वेळी एकच छोटे, ठरावीक काम द्यावे आणि ते झाले की त्याची दखल घ्यावी. त्याच्या संशयावर वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. ‘तुला भीती वाटते हे मला कळते, पण मला तसे काही दिसत नाही’ एवढे पुरते. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ देऊनही फरक पडला नाही, तर क्लोझापीन या स्किझोफ्रेनियावरील औषधाचा विचार होतो का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. त्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी लागते, त्यामुळे त्याचा विचार पुष्कळदा उशिरा होतो, हे मला खेदाने नोंदवावेसे वाटते.

प्रश्न : मला नैराश्य आहे असे मनोविकारतज्ज्ञ म्हणतात. पण त्यांनी सांगितलेल्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या. मग हा आजार आहे हे कशावरून? आणि मेंदूतील रसायन कमी झाल्यामुळे होतो म्हणतात, तर ते मोजत का नाहीत?

उत्तर : त्या तपासण्या नैराश्य शोधण्यासाठी नव्हत्याच, नैराश्यासारखे दिसणारे इतर काही नाही ना, हे पाहण्यासाठी होत्या. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव आणि काही औषधे यांमुळेही माणूस तसाच मरगळलेला, विसराळू आणि उदास होतो. ही शक्यता दूर झाल्यावर निदान लक्षणांवर होते. उदास मन किंवा कोणत्याही गोष्टीतील आनंद नाहीसा होणे यांपैकी किमान एक, आणि त्यासह झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोषी मानणे, हालचालींचा मंदपणा किंवा अस्वस्थता, मृत्यूचे विचार यांपैकी काही मिळून किमान पाच लक्षणे, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकली आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आला, तर त्याला आजार म्हटले जाते. रक्ताच्या चाचणीशिवाय झालेले निदान म्हणजे अंदाज, असे समजण्याचे कारण नाही. अर्धशिशीचे निदानही मुख्यतः रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवरूनच होते.

रसायन कमी झाल्याची गोष्ट समजावून सांगायला सोयीची होती म्हणून ती पसरली. आज ती फारच अपुरी आहे असे म्हणावे लागते. सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन वाढवणारी औषधे अनेकांना उपयोगी पडतात हे खरे, पण त्यावरून सेरोटोनिनच्या कमतरतेनेच आजार झाला हे सिद्ध होत नाही. औषध घेतल्यावर काही तासांतच मेंदूतील या रसायनावर परिणाम सुरू होतो, परंतु मनःस्थिती सुधारण्यास दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामास सहा ते आठ आठवडे लागू शकतात; मधल्या काळात मेंदूत होणारे बदल साध्या भरपाईपेक्षा गुंतागुंतीचे असले पाहिजेत. एखाद्या मनोविकाराचे एकच नेमके कारण सापडल्याची उदाहरणे विरळ आहेत. त्यांतील ठळक म्हणजे उपदंशामुळे (सिफिलिस) होणारा मेंदूचा विकार. त्यातील वेड आणि पक्षाघात यांचे मूळ असलेला जंतू १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी रुग्णांच्या मेंदूत दाखवून दिला, आणि पुढे पेनिसिलिनमुळे तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. तसे काही नैराश्याबाबत होईल अशी वाट पाहत बसू नये, कारण नेमके कारण ठाऊक नसतानाही त्यावरचे उपचार चालतात. सौम्य नैराश्यात केवळ मानसोपचार पुष्कळदा पुरतो. मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध आणि मानसोपचार एकत्र दिल्यास अधिक गुण येतो. ‘मी निरुपयोगी आहे’ असा विचार मनात आला की तो मान्य करण्याऐवजी त्याचा पुरावा तपासायचा, आणि इच्छा होण्याची वाट न पाहता ठरवलेले छोटे काम ठरलेल्या वेळी करायचे, ही अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या व पुढे विकसित झालेल्या उपचारपद्धतीची मुख्य सूत्रे आहेत.

प्रश्न : पत्नीला औषधांनी दोन महिन्यांत बरे वाटले. सवय लागेल या भीतीने तिने गोळ्या एकदम बंद केल्या. आता चक्कर येते, चिडचिड होते. म्हणजे सवय लागलीच ना?

उत्तर : नैराश्यावरील गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही किंवा मात्रा आपोआप वाढवत न्यावी लागत नाही. तथापि शरीर त्यांना सरावलेले असते, त्यामुळे त्या अचानक थांबवल्यास चक्कर, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, विचित्र स्वप्ने आणि चिडचिड असा त्रास होऊ शकतो. हा त्रास गोळ्या थांबवल्यापासून काही दिवसांतच सुरू होतो, तर आजार उलटण्यास सहसा आठवडे ते महिने लागतात. यावरून दोहोंत फरक करता येतो. डॉक्टरांना लगेच सांगा. बहुधा गोळ्या पुन्हा सुरू करून पुढे हळूहळू कमी कराव्या लागतील. पहिल्याच वेळी नैराश्य आले असेल तर बरे वाटू लागल्यानंतरही औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, कारण त्याच काळात ते उलटण्याची शक्यता सर्वाधिक असते.

सवयीची भीती बाळगायचीच असेल तर ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या, चिंता तत्काळ कमी करणाऱ्या गोळ्यांबाबत बाळगावी. त्या काही आठवड्यांपुरत्या उपयुक्त आहेत, पण जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे घेतल्या जातात. मात्र त्याही एकदम बंद करणे धोक्याचे आहे. आकडी (फिट) येऊ शकते.

प्रश्न : मुलगी तासन्‌तास हात धुते आणि आम्हाला वारंवार विचारते, ‘झाले का स्वच्छ?’ आम्ही ‘हो’ म्हटल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिला समजावून आम्ही थकलो.

उत्तर : या वर्णनावरून तो मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी, असण्याची शक्यता आहे, खात्री प्रत्यक्ष तपासणीनंतरच होईल. हात स्वच्छ आहेत हे तिलाही बहुधा कळते. समजावण्याने हा आजार जात नाही तो याचमुळे. मनात घाणीचा विचार येतो, भीती वाढते, धुतल्यावर क्षणभर सुटल्यासारखे वाटते, आणि ती सुटकाच पुढच्या वेळी धुण्याची ओढ वाढवते. तुमचे ‘हो’ हेही धुण्यासारखेच आहे : खाजणाऱ्या जागी खाजवावे तसे, तेवढ्यापुरते बरे वाटते आणि खाज वाढते. दहा वेळा उत्तर देणारे आई-वडील प्रेमापोटीच तसे करतात, पण नकळत ते आजाराच्या सेवेत गुंतलेले असतात.

मंत्रचळावरील सर्वांत परिणामकारक मानसोपचारात, व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये ज्याचा पाया घातला त्यात, रुग्णाला भीतीच्या वस्तूजवळ पायरीपायरीने नेतात आणि धुण्याची कृती करू देत नाहीत. सुरुवातीस अस्वस्थता वाढते. पण न धुताही ती ओसरते किंवा सहन होते, हे रुग्णाला अनुभवाने कळते, आणि जे शब्दांनी पटत नव्हते ते त्यातून पटते. हे घरी परस्पर, जबरदस्तीने मात्र करू नये. तज्ज्ञाबरोबर बसून मुलीच्या संमतीने ठरवावे की आठवड्यात किती प्रश्नांना उत्तर द्यायचे आणि ते टप्प्याटप्प्याने कसे कमी करायचे. औषध लागले तर मंत्रचळात मात्रा नैराश्यापेक्षा बहुधा अधिक असते आणि परिणाम दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागू शकतात, त्यामुळे महिन्याभरातच ‘उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : शॉक ट्रीटमेंट अजून देतात का? ती शिक्षाच वाटते.

उत्तर : देतात, आणि मेंदूला ठरावीक मात्रेत वीज देण्याची ही उपचारपद्धती काही वेळा प्राण वाचवते. १९३८ मध्ये रोममध्ये सुरुवात झाली तेव्हा ती भूल न देता दिली जाई. तिची भीतिदायक प्रतिमा त्या काळातील आहे. आता भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन ती करतात. अन्नपाणी सोडलेला, आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेला तीव्र नैराश्याचा रुग्ण, किंवा शरीर ताठर होऊन निश्चल झालेला रुग्ण यांना तिचा वेगाने उपयोग होतो. उपचाराच्या आसपासच्या काळातील स्मृती पुसट होते आणि काहींच्या बाबतीत ती पूर्ण परत येत नाही, हे निर्णयापूर्वी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

प्रश्न : भाऊ महिनोन्‌महिने उदास आहे, ‘जगण्यात अर्थ नाही’ म्हणतो, पण डॉक्टरकडे जायला तयार नाही. आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार त्याच्या डोक्यात शिरेल अशी भीती वाटते.

उत्तर : तसे विचारल्याने तो विचार निर्माण होत नाही. उलट मनात दडलेले कोणाला तरी सांगता आले म्हणून अनेकांना हलके वाटते. दोघेच असताना, शांतपणे आणि सरळ विचारा : ‘मरून जावे असे मनात येते का? कसे करायचे, हे ठरवले आहेस का?’ पद्धत ठरलेली असेल, साधन हाताशी असेल किंवा पूर्वी तसा प्रयत्न झालेला असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. औषधे, कीटकनाशके, दोर यांसारखी साधने घरातून हलवा. तितकी निकड नसेल तर ‘तू आजारी आहेस’ हा वाद बाजूला ठेवावा. ज्याचा त्रास तो स्वतः मान्य करतो, मग ती झोप असो वा थकवा, त्यासाठी नेहमीच्या डॉक्टरांकडे जाण्यास अनेक लोक तयार होतात. त्या डॉक्टरांना आधी गाठून तुमची निरीक्षणे सांगून ठेवा. आणि डॉक्टरांची वेळ घेतली असेल तर त्या दिवशी भावाबरोबर कोण जाणार, हे अगोदरच ठरवून ठेवा.