दहा महिन्यांच्या बाळाला अन्नात हात घालून खेळू द्यावे का?

आपली दहा महिन्यांची मुलगी वरणभात कुस्करते, तोंडाला आणि केसांना फासते, सासूबाईंना ती अन्नाची नासाडी वाटते, म्हणून तिला आवरावे की खेळू द्यावे, असे आपण विचारले आहे. मी बालवाडीत शिकवते आणि माझे स्पष्ट मत असे की तिला खेळू द्यावे.

साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात मूल अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तू धरू लागते, आणि त्या चिमटीला भाताचे शीत उचलण्यासारखा सराव नाही. नाचणीची कोमट पेज पुढे ठेवून पाहा. मूल आधी एक बोट टेकवते, हात मागे घेते, बोट निरखते, मग पंजा बुडवून मूठ आवळते आणि बोटांच्या फटींतून ओघळणारी पेज टक लावून पाहत राहते. नेमक्या त्या क्षणी आपण रुमाल घेऊन धावलो, तर तिचे चाललेले काम अर्धवट तुटते. म्हणून हातपाय पुसणे खेळ संपेपर्यंत थांबवावे.

सासूबाईंचे म्हणणे मला रास्त वाटते. त्यासाठी ताट भरून न देता दोनच चमचे वाढावे, खाली जुनी चादर अंथरावी आणि हा खेळ आंघोळीच्या आधी ठेवावा. त्यांना हेही सांगता येईल की, इंग्लंडमधील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाच्या संशोधकांना तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये असे आढळले की, फळे-भाज्या हाताळून खेळलेली मुले त्या चाखायला अधिक तयार होतात.

बाजारातील महागडे सेन्सरी किट, म्हणजे स्पर्शाच्या खेळांचा तयार संच, घेण्याची मुळीच गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची खर्चिक साधने बाजूला सारून गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंवरच भर दिला होता. परातीत बोटभर पाणी आणि एक वाटी एवढ्यावर मूल बराच वेळ रमते.

मात्र पाण्याजवळ तिला क्षणभरही एकटे सोडू नये आणि खेळ संपताच परात रिकामी करावी. सुटी डाळ, शेंगदाणे, चणे या वयात देऊ नयेत. ते घशात किंवा नाकात अडकतात. कच्च्या पिठातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि ती सगळे तोंडात घालणारच, त्यामुळे कणकेचा गोळा तूर्त टाळावा व शिजवलेलेच पदार्थ द्यावेत. वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात चाटवू नये.

काही मुलांना चिकट स्पर्श नकोसा वाटतो. तसे दिसल्यास तिचा हात धरून बळेच बुडवू नये; चमचा द्यावा, आपण स्वतः शेजारी बसून हात माखून घ्यावेत आणि वाट पाहावी. मऊ पदार्थाला नुसता हात लागताच तिला वारंवार उमासे येत असतील, किंवा पुढेही ती एक-दोन पदार्थांपलीकडे काहीच तोंडात घेत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.