मिशाएल किस्के परत आल्यावर हेलोवीन या जर्मन हेवी मेटल बँडने आंडी डेरिसला काढलं का?

नाही, काढलं नाही. 2016 साली जुन्या सदस्यांसोबतच्या पुनर्मीलनाची घोषणा झाली तेव्हापासून किस्के आणि डेरिस हे दोघंही गायक बँडमध्ये आहेत, आणि काही गाणी गिटारवादक काई हान्सेन गातो. 2021 च्या ‘हेलोवीन’ अल्बमच्या श्रेयनामावलीत तिघांचीही नावं गायक म्हणून आहेत. गोंधळ होतो तो जुन्या इतिहासामुळे. हॅम्बुर्गच्या या बँडच्या पहिल्या अल्बमवर (1985) हान्सेनच गिटार वाजवत गात होता. मग जेमतेम अठराचा किस्के आला आणि 1987-88 मध्ये ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चे दोन भाग निघाले, पॉवर मेटलचा (वेगवान, सुरेल हेवी मेटल) साचा बऱ्याच अंशी इथेच पडला. त्यानंतर हान्सेनने बाहेर पडून गामा रे हा स्वतःचा बँड काढला. 1993 मध्ये किस्केला काढलं, तेही ‘कॅमेलियन’सारख्या मेटलपासून भरकटलेल्या अल्बमनंतर. डेरिस 1994 पासून आहे. म्हणजे सर्वात जास्त वर्षं त्यानेच गायलंय, हे किस्केचे चाहते सोयीस्करपणे विसरतात! 2017 च्या दौऱ्यात जुनी-नवी गाणी दोघांनी वाटून घेतली आणि 2021 चा अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला.

फक्त याला ‘मूळ संच परतला’ म्हणू नका. पहिला ड्रमर इंगो श्विख्टेनबर्ग 1995 मध्ये वारला. आताच्या सात जणांपैकी संस्थापक तिघेच: हान्सेन, गिटारवादक वाइकाथ आणि बास वाजवणारा ग्रोसकॉप्फ.